सायकल विमानाने लेहला: पुठ्ठ्याचं खोकं, मऊ बॅग आणि कडक केस यांची तुलना

महाराष्ट्रातून लेहला सायकल विमानाने न्यायची असेल, तर सायकलच्या दुकानातून आणलेलं पाच प्लायचं पुठ्ठ्याचं खोकं पहिल्या क्रमांकावर, चाकं असलेली मऊ बॅग दुसऱ्या, आणि कडक प्लास्टिकची केस बरीच मागे, तिसऱ्या. खोक्यात पैसे वाचतात, पण त्याचा पहिला नंबर त्यामुळे लागलेला नाही. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर चेक-इनला साधारणपणे १५ किलोच मिळतात, आणि मनाली–लेह करणारा माणूस ज्या गावात उतरतो त्या गावातून परतत नाही. या दोन गोष्टी लक्षात घेतल्या की महागड्या बॅगांचे निम्मे गुण इथे उपयोगालाच येत नाहीत.

आधी सायकल प्रवासात मोडते कशी ते पाहू, कारण बॅग घ्यायची ती त्यासाठीच. ए३२० जातीच्या विमानांत आपल्याकडे सामान बहुतेक वेळा सुटंच रचलं जातं. खोक्यावर 'ही बाजू वर' असे कितीही बाण काढा, ते कुठेतरी आडवं पडणार आणि त्यावर सुटकेसांची चळत चढणार हे धरूनच चालावं. म्हणजे मुख्य मार बाजूने येतो. दुसरा मार ट्रॉलीवरून किंवा बेल्टवरून खाली उतरवताना, खोक्याच्या एखाद्या कोपऱ्यावर येतो. बाजूच्या दाबाने मोडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ते ज्या धातूच्या तुकड्यावर लटकतं तो, चाक काढल्यावर मोकळी राहिलेली फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) दोन टोकं, तशीच मागची दोन टोकं, आणि डिस्क ब्रेकचा रोटर, म्हणजे चाकावरची चकती. कोपऱ्यावर आदळल्याने चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चक्राचे) दात पुठ्ठा फाडून बाहेर येतात. फ्रेम तुटणं त्या मानाने फार कमी. या चार-पाच जागा नीट सांभाळल्या तर साधं खोकं पुरतं, आणि त्या तशाच सोडल्या तर महागड्या बॅगेतूनही वाकडा हँगर बाहेर येतो.

आता वजन. रोड बाइक ८ ते ९.५ किलो, ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यावरही चालणारी) १० ते ११, हायब्रिड १२ ते १३.५, अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) १३ ते १५. रिकामं खोकं साडेतीन ते पाच किलो. एव्होकसारखी मऊ बॅग नऊ किलोंच्या आसपास. बाइक बॉक्स अ‍ॅलनसारखी कडक केस ११ ते १३ किलो. म्हणजे १४ किलोची हार्डटेल खोक्यात १८ किलो भरते, मऊ बॅगेत २३ आणि कडक केसमध्ये २५–२७. पहिल्या बाबतीत तीन किलोंचे जादा पैसे, तिसऱ्यात दहा ते बारा किलोंचे, आणि तेही जाता-येता दोन्ही वेळा. जादा वजन विमान कंपनीच्या साइटवर आधी घेतलं तर काउंटरवरच्या दरापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून सायकल घरीच तोलून घ्या. हाताने धरायचा लगेज काटा एवढ्या लांब खोक्याला नीट लागत नाही. बाथरूमच्या काट्यावर आधी एकटं उभं राहा, मग खोकं कवेत घेऊन उभं राहा आणि वजाबाकी करा. कोणत्याही एका नगाचं वजन ३२ किलोंच्या वर गेलं तर पैसे देऊनही ते प्रवासी सामान म्हणून घेत नाहीत. आपल्याला तिथवर जायचं कारण नाही, पण दोन सायकली एका खोक्यात भरायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

मापाचाही एक नियम आहे. नेहमीच्या चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटीमीटरपर्यंत चालते. सायकलचं खोकं साधारण १४० × २२ × ८० असतं, म्हणजे बेरीज २४२. त्यामुळे सायकल नेहमीच्या सामानात बसत नाही, ती क्रीडा साहित्य म्हणून नोंदवावी लागते. प्रत्येक कंपनीची यासाठीची फी आणि नियम वेगळे असतात, शिवाय ते बदलतही राहतात. तिकीट काढायच्या आधी त्या कंपनीचं क्रीडा साहित्याचं पान वाचा, बुकिंगनंतर फोनवर किंवा चॅटवर सायकलची नोंद करून घ्या आणि त्या उत्तराचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. काउंटरवरच्या माणसाला दर आठवड्याला सायकल दिसत नाही. त्याच्यासमोर त्याच्याच कंपनीचं लेखी उत्तर धरणं हाच वाद टाळायचा सोपा मार्ग.

पुठ्ठ्याच्या खोक्याकडे वळू. नवीन सायकली दुकानात ८५ टक्के जोडलेल्या येतात: मागचं चाक जागेवर, पुढचं काढून बाजूला बांधलेलं, हँडल टॉप ट्यूबला (फ्रेमच्या वरच्या नळीला) लटकवलेलं. आपल्यालाही सायकल याच अवस्थेत न्यायची असते, म्हणून ते खोकं आपल्या कामाला तंतोतंत बसतं. निघायच्या आठ-दहा दिवस आधी दुकानात सांगून ठेवा, कारण सायकल जोडून झाली की खोकी लगेच रद्दीवाल्याकडे जातात. चाकाचं माप सांगायला विसरू नका. २९ इंची चाकाच्या एमटीबीचं खोकं उंच असतं, त्यात रोड बाइक ऐसपैस बसते, पण उलटं जमत नाही. तीन प्लायचं खोकं घेऊ नका. कडा पाहिल्या की नळीदार थर मोजता येतात, दोन थर म्हणजे पाच प्लाय. ओल लागलेलं, मऊ पडलेलं खोकंही नको, आणि जून-जुलैत मुंबई-पुण्यात हे विशेष बघावं लागतं. खोकं मागताना दुकानदाराकडून दोन फुकटच्या गोष्टी आणखी मागा: फोर्कच्या टोकांत बसणारा प्लास्टिकचा स्पेसर आणि डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये बसणारा लाल किंवा पिवळा तुकडा. नव्या सायकलींसोबत हे येतातच आणि कचऱ्यात जातात.

मऊ बॅगांत जर्मनीची एव्होक आणि इटलीची सिकॉन ही दोन नावं सर्वांत जास्त दिसतात. एव्होकमध्ये दोन्ही चाकं काढून बाजूच्या कप्प्यांत जातात, हँडल काढावं लागतं, आणि फोर्क आतल्या जाड पॅडवर बसतो. बॅगेला कडक सळ्या आणि खालून चाकं आहेत. सिकॉनच्या एअरोकम्फर्टमध्ये हँडल काढावंच लागत नाही. सायकल आतल्या धातूच्या सांगाड्यावर अ‍ॅक्सलने पकडली जाते, चाकं बाजूला जातात आणि वरून बॅग ओढून बंद करायची. इंटिग्रेटेड (हँडलच्या आतून गेलेल्या) केबल असलेल्या रोड बाइकवाल्यांसाठी हा मोठा फायदा आहे, कारण त्या सायकलींत हँडल सोडवणं म्हणजे अर्धा दिवस. मात्र हँडल जागेवरच असल्याने बॅग पुढून रुंद होते आणि टॅक्सीत शिरवताना ते लगेच जाणवतं. दोन्ही बॅगांचा खरा गुण एकच आहे: एअरपोर्टवर त्या एका हाताने ओढता येतात. दिल्लीत टर्मिनल बदलायचं असेल तेव्हा त्याची किंमत कळते.

पण या बॅगा युरोपात चारशे युरोंच्या वर जातात, आणि इथे मागवल्या तर त्यावर ड्युटी. वर्षातून एकदा लेहला जाणाऱ्याने त्या घेऊ नयेत. वर्षातून चार-पाच वेळा शर्यतींना किंवा ट्रायथलॉनला विमानाने जाणाऱ्याने मात्र घ्याव्यात. त्याचं हॉटेल एकच असतं, परतीचा एअरपोर्टही तोच, आणि दरवेळी खोकं शोधायची धावपळ वाचते. चार सायकलस्वारांनी मिळून एक बॅग घेणं आणि पाळीने वापरणं हाही चांगला मार्ग.

कडक केस, उदाहरणार्थ ब्रिटनमधली बाइक बॉक्स अ‍ॅलन, सर्वांत भक्कम. दोन कवचांच्या मध्ये आडवा दांडा असतो, त्यामुळे वरून कितीही दाब आला तरी दोन्ही बाजू एकमेकींकडे येत नाहीत. कार्बन फ्रेम आणि महागडी कार्बन चाकं घेऊन परदेशात शर्यतीला जाणाऱ्यासाठी, जिथे २३ किंवा ३२ किलोंची मुभा मिळते, हीच घ्यावी. १५ किलोंच्या तिकिटावर मात्र रिकामी केसच जवळपास सगळी मुभा खाऊन टाकते. शिवाय ती घडी होत नाही. लेहच्या गेस्ट हाउसात ठेवायला जागा मिळेल, पण मनालीहून सायकल चालवत लेहला पोचायचं तर ती लेहपर्यंत नेणार कोण?

एअरपोर्टवरच्या प्लास्टिक गुंडाळण्याच्या सेवेवर पैसे घालवू नका. ते पातळ प्लास्टिक ओरखड्यापासून आणि पावसाच्या शिंतोड्यापासून वाचवतं, बाजूच्या दाबापासून नाही. उलट सुरक्षा तपासणीत खोकं उघडायला सांगितलं तर ते सगळं फाडावं लागतं. काही सायकल दुकानं पॅकिंग करून देतात. त्याचा दर्जा बघायचा तर एकच प्रश्न विचारा: 'आरडी (मागचं डिरेलर) काढून बांधणार की तशीच ठेवणार?' जो दुकानदार 'तशीच ठेवतो, काही होत नाही' म्हणेल त्याच्याकडून पॅकिंग करून घेऊ नका. आणि पॅकिंग दुकानातून करून घेतलंत तरी शेजारी उभं राहून पाहा, कारण लेहमध्ये ते तुम्हालाच उलट क्रमाने सोडवायचं आहे.

सामान फार लागत नाही. एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोमचा पाइप, सहा-सात फूट. तो एसीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, उभा चिरला की फ्रेमच्या नळ्यांवर अलगद बसतो आणि परतीलाही वापरता येतो. पुण्यात बोहरी आळीत एका फेरीत फोम, बबल रॅप, ब्राउन टेप आणि पाइपचा तुकडा असं सगळं हाती येतं. १५–२० केबल टाय, चार-सहा वेल्क्रोच्या पट्ट्या, आणि दोन इंची टेपचा एक पूर्ण रोल. हत्यारांत ४, ५, ६ आणि ८ मिलिमीटरच्या अ‍ॅलन की, टी२५ टॉर्क्स, १५चा पाना आणि जमलं तर ५ न्यूटन-मीटरला सुटणारी छोटी टॉर्क की. कार्बनचं हँडल किंवा सीटपोस्ट असेल तर ही टॉर्क की 'जमलं तर'मध्ये धरू नका, घ्याच.

सायकल आधी धुऊन वाळवा. सीटपोस्टवर क्लॅम्पच्या बरोबर वर इलेक्ट्रिक टेपचा एक वेढा द्या आणि हँडलच्या मध्यावर मार्करने खूण करा. या दोन खुणांमुळे लेहमध्ये उंची आणि कोन शोधत बसावं लागत नाही. सीटपोस्ट बाहेर काढून फोममध्ये गुंडाळा. ड्रॉपर पोस्ट (बटण दाबून खाली-वर होणारी सीटपोस्ट) असेल तर ती ओढून काढू नका, आत केबल असते. ती पूर्ण खाली करा आणि फक्त सीट सोडवा.

पेडल काढताना लोक सर्वांत जास्त अडतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायची युक्ती ही: पाना वरच्या बाजूला येईल असा लावा आणि मागच्या चाकाकडे ढकला, दोन्ही बाजूंची पेडल त्याच दिशेने सुटतात. परत बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि सुरुवातीचे तीन-चार वेढे बोटांनीच द्या. क्रँकचे (पेडल बसतं त्या दांड्याचे) आटे गेले तर लेहमध्ये बदली क्रँक शोधावी लागेल.

पुढचं चाक काढलं की लगेच फोर्कच्या टोकांत स्पेसर बसवा. क्विक रिलीजच्या (लिव्हरने चाक सुटणाऱ्या) फोर्कला दुकानातला १०० मिलिमीटरचा तुकडा चालतो. थ्रू अ‍ॅक्सलच्या फोर्कमध्ये (जिथे जाड आस आरपार जाऊन आट्यांत आवळतो) नुसता अ‍ॅक्सल परत घालून भागत नाही. तो एका बाजूने आट्यांत धरलेला असतो आणि दुसरी बाजू त्यावरून आत सरकू शकते, म्हणजे टोकं फाकणार नाहीत पण दाबली मात्र जातील. टोकांच्या आतल्या दोन कडांमधलं अंतर मोजा (एमटीबीच्या रुंद 'बूस्ट' मापाला साधारण ११० मिलिमीटर), तेवढ्याच लांबीचा अर्धा इंची यूपीव्हीसी पाइपचा तुकडा कापून मध्ये धरा आणि अ‍ॅक्सल त्यातून घाला. अ‍ॅक्सल पाइपातून जातो का ते दुकानातच बघून घ्या. दहा रुपयांचा हा तुकडा अख्ख्या पॅकिंगमधला सर्वांत मोलाचा.

डिस्क ब्रेक हायड्रॉलिक असतील तर चाक निघताच पॅडमध्ये तो लाल तुकडा सारा, नसेल तर घडी घातलेला जाड पुठ्ठा. तो नसताना कोणी लिव्हर दाबली की पिस्टन बाहेर येतात आणि पॅड एकमेकांना चिकटतात. तसं झालंच तर सपाट प्लास्टिकच्या टायर लिव्हरने त्यांना सावकाश मागे ढकला, स्क्रू ड्रायव्हरने नको. काढलेल्या पुढच्या चाकाचा रोटर सहा बोल्टचा असेल तर टी२५ने काढून पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे. सेंटर लॉक (बोल्टांऐवजी मधल्या एका रिंगने आवळलेला) असेल तर परत बसवताना ४० न्यूटन-मीटरपर्यंत घट्ट करायला लांब दांड्याचं हत्यार लागतं आणि ते प्रवासात सोबत नसतं. तो तसाच ठेवा, चाक उलटं करून रोटरची बाजू फ्रेमकडे घ्या आणि मध्ये पुठ्ठ्याची एक पूर्ण ताटली टाका.

आता डिरेलर. गिअर आधी मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर आणा, पुढे दोन चेनरिंग असतील तर चेन मोठीवर ठेवा, म्हणजे दात झाकले जातात. ५ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने डिरेलर हँगरपासून सोडवा, केबल तशीच राहू द्या. बबल रॅपमध्ये गुंडाळून ते चेनस्टे आणि सीटस्टेच्या (फ्रेमच्या मागच्या खालच्या आणि वरच्या नळ्यांच्या) मधल्या त्रिकोणात आत ओढून केबल टायने बांधा. एवढं केलं की सायकलच्या त्या बाजूला बाहेर आलेलं काही उरत नाही. परत बसवताना ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे, आणि बोल्ट तिरका जात नाही ना ते आधी बोटांनी फिरवून पाहा. स्रॅमचं एएक्सएस वायरलेस असेल तर बॅटरी काढून जागेवर टोपी लावा, कारण हालचाल झाली की ते डिरेलर जागं होतं आणि अख्ख्या प्रवासात बॅटरी खात राहतं. आपल्या मॉडेलचा एक जादा हँगर सोबत असायलाच हवा. हँगरचे शेकडो आकार आहेत आणि नेमका तुमचा लेहमध्ये मिळेल हे धरून चालता येत नाही.

हँडल काढताना स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) फोर्कवरून काढू नका. स्टेमच्या तोंडावरचे चार बोल्ट सोडवा, हँडल बाहेर घ्या आणि ते चार बोल्ट पट्टीसकट परत जागेवर हलके लावून ठेवा. स्टेम काढलं तर फोर्क खाली सरकतो, हेडसेटच्या बेअरिंगा आणि रिंगा सुट्या होतात आणि त्यांचा क्रम लावत बसावं लागतं. हँडल टॉप ट्यूबला समांतर बांधा. ब्रेकच्या नळ्या कुठे कोनात मुडपत नाहीत ना हे हाताने चाचपून पाहा.

मग खोक्याच्या तळाशी पुठ्ठ्याचे तीन-चार थर द्या, विशेषतः चेनरिंग आणि फोर्कची टोकं टेकतात तिथे. पुढचं चाक डाव्या बाजूला, त्याचा हब फ्रेमच्या नळीवर न येता मधल्या मोकळ्या त्रिकोणात येईल असं, तीन ठिकाणी वेल्क्रोने आवळा. उजवा क्रँक मागे चेनस्टेला समांतर केला की डावा पुढे येतो. तो स्पोकांवर दाबणार नाही असा बघून बांधा. चाक, फ्रेम आणि हँडल मिळून एकच गठ्ठा झाला पाहिजे. उचलून हलवल्यावर आतून खडखड आवाज आला तर तो थांबेपर्यंत आवळत राहा. शेवटी खोक्याच्या दोन भिंतींच्या मध्ये, फ्रेमच्या मोकळ्या जागेतून, कापडाच्या ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची जाड नळी खोक्याच्या आतल्या रुंदीएवढी कापून दोन ठिकाणी आडवी बसवा. कडक केसमध्ये जो दांडा असतो त्याचंच काम ही नळी करते. कापडाच्या दुकानात ती फुकट मिळते.

सगळे छोटे भाग एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी फ्रेमला बांधा. खोक्याला हात घालायला जी भोकं असतात त्यातून सुटे बोल्ट आणि स्क्युअर (चाकाच्या मधून जाणारी बारीक सळी) निघून जातात, आणि एका हरवलेल्या थ्रू अ‍ॅक्सलमुळे अख्खी सहल अडते. भोकांच्या कडांना टेपचे दोन-तीन थर द्या, उचलताना तिथूनच फाटतं. नाव आणि फोन नंबर बाहेर दोन्ही बाजूंना लिहा आणि एक चिठ्ठी आतही टाका. बंद करण्याआधी आतल्या मांडणीचे चार फोटो काढून ठेवा.

टायरमधल्या हवेबद्दल बराच गैरसमज आहे. प्रवासी विमानाच्या पोटातही हवेचा दाब राखलेला असतो, साधारण आठ हजार फुटांवर असतो तेवढा. समुद्रसपाटीच्या तुलनेत हा फरक चार पीएसआयपेक्षाही कमी, म्हणजे ८० पीएसआयचा टायर फार तर ८४ दाखवेल. तो फुटत नाही. तरीही कंपन्या हवा कमी करायला सांगतात आणि काउंटरवर टायर दाबून बघतात, म्हणून २०–२५ पीएसआय ठेवा. पूर्ण हवा काढू नका. टायर सपाट असेल तर खोकं आपटल्यावर सगळा मार थेट रिमवर जातो, आणि ट्यूबलेसमध्ये तर टायर रिमवरून सुटून सीलंट खोक्यात सांडतं. लेहचा एअरपोर्ट ३,२५६ मीटरवर आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास पाच पीएसआयने कमी, त्यामुळे मुंबईत भरलेला टायर तिथे गेजवर तेवढा जास्त दिसतो. राइडची हवा तिथेच मोजून भरा.

पॉवर बँक, दिव्यांच्या सुट्या बॅटऱ्या आणि वायरलेस गिअरच्या काढलेल्या बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ भरते. १०० ते १६० मध्ये कंपनीची परवानगी लागते, आणि १६० च्या वरची बॅटरी प्रवासी विमानात चालतच नाही, म्हणून नेहमीची ई-बाइक बॅटरीसकट नेता येत नाही. सीओटूची नळकांडी नेऊ नका, आपल्याकडे तपासणीत ती बहुधा काढूनच ठेवावी लागतात. हातपंप खोक्यात टाका. वंगण स्प्रेच्या डब्यात नको, छोट्या बाटलीत, झिप पिशवीत घालून. हत्यारं सगळी खोक्यात, कारण केबिनमध्ये साधी मल्टिटूलही अडते.

एअरपोर्टवर अडीच-तीन तास आधी पोचा. खोकं सेडान टॅक्सीत शिरत नाही, मागची सीट पाडलेली इनोव्हा किंवा अर्टिगा बोलवा. खोक्याचं एक तोंड आणि टेपचा रोल मोकळा ठेवा, तपासणीवाले आत बघायला मागतात. काउंटरवर वजन झालं की खोकं मोठ्या सामानाच्या वेगळ्या मशीनवर न्यायला सांगतील, तिथे तपासणी पूर्ण होईपर्यंत थांबा. बॅगेच्या टॅगवर 'लिमिटेड रिलीज' म्हणून सही मागितली जाते, त्यात कंपनी जबाबदारी कमी करून घेते. सही करावीच लागते, पण त्यावर कुठल्या कारणापुढे खूण केली आहे ते वाचा. 'अपुरं पॅकिंग' याच्यावर खूण असेल तर खोकं उघडून दाखवा आणि ती बदलून मागा.

दिल्लीला विमान बदलताना दोन वेगळी तिकिटं घेऊ नका. एकाच पीएनआरवर खोकं थेट लेहला जातं. वेगळ्या तिकिटांवर ते दिल्लीला बाहेर घ्यायचं, कदाचित दुसऱ्या टर्मिनलला न्यायचं, आणि पुन्हा चेक-इन करायचं. कुल्लूजवळच्या भुंतरला उतरायचा विचार असेल तर तिथली विमानं एटीआर जातीची, लहान आहेत. सामानाच्या दरवाजाचं आणि जागेचं बोलून लेखी होकार घेतल्याशिवाय सायकलचं तिकीट काढू नका. मनाली–लेह करणाऱ्याने दिल्ली किंवा चंडीगडपर्यंत विमान आणि पुढे बस हाच जास्त भरवशाचा मार्ग धरावा.

सामान हाती आलं की तिथेच खोक्याच्या सहाही बाजू बघा. फाटलेलं किंवा चेपलेलं दिसलं तर बाहेर पडायच्या आधी उघडा, फोटो काढा आणि कंपनीच्या काउंटरवर मालमत्ता अनियमिततेचा अहवाल, म्हणजे पीआयआर, लिहून घ्या. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानीची कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे २०,००० रुपयांपर्यंतच आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार ती २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, आणि नुकसानीची तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी द्यावी लागते. लाखभराच्या सायकलला देशातली रक्कम पुरत नाही, म्हणून सायकलचा वेगळा विमा असेल तर त्यात विमान प्रवास धरलेला आहे का हे पॉलिसीत बघून ठेवा.

लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस उंचीची सवय होण्यासाठी द्यायचेच असतात. सायकल दुसऱ्या दिवशी जोडा, घाईने नाही. हँडल बसवताना चारही बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर छापलेल्या आकड्यापर्यंत, बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन-मीटर. काही कारणाने स्टेम काढावंच लागलं असेल तर आधी वरची टोपी आवळून फोर्कमधली ढिलाई घालवा, मग स्टेमचे बाजूचे बोल्ट. उलट क्रम लावला तर ढिलाई जात नाही. ब्रेक मऊ वाटले तर लिव्हर दहा-पंधरा वेळा दाबा, बहुतेक वेळा तेवढ्याने दाब येतो. गिअर प्रत्येक चक्रावर चालवून पाहा. मोठ्या चक्रावर डिरेलर स्पोकांना लागत असेल तर हँगर वाकला आहे, आणि खारदुंगलाच्या चढावर जाण्याआधी तो बदलायलाच हवा.

परतीचं खोकं हा या सहलीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. लेहहूनच फिरून लेहलाच परतणार असाल तर स्वतःचं खोकं गेस्ट हाउसात सपाट घडी करून, कोरड्या जागी ठेवायला द्या आणि वर नाव लिहा. मनालीकडून सायकलवर येणार असाल तर निघण्यापूर्वीच लेहमधल्या सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानाशी फोनवर बोलून खोकं राखून ठेवा. ऐन मोसमात, जुलै-ऑगस्टमध्ये, आयत्या वेळी मिळेलच असं नाही. फोमचे पाइप, स्पेसर आणि वेल्क्रो सोबतच ठेवा, ते वजनाला काहीच नाहीत. लेहहून उड्डाणं बहुतेक सकाळीच आटोपतात, कारण दुपारी वारा वाढतो आणि तापलेल्या विरळ हवेत विमानाला पूर्ण भार घेऊन उठता येत नाही. भार कमी करायची वेळ आली तर काही सामान मागे राहून पुढच्या विमानाने येतं, आणि सायकलचं खोकं त्यात असू शकतं. म्हणून दिल्लीहून पुढचं विमान त्याच दिवशी तासाभराच्या अंतराने ठेवू नका. हेल्मेट, बूट आणि एक कपड्याचा जोड हातातल्या बॅगेत घ्या, आणि खोकं मागे राहिलं तर दिल्लीऐवजी थेट मुंबई किंवा पुण्याला पाठवायला पीआयआरवरच लिहून द्या.